तू नक्कल केली नव्हतीस

दादा,

तुझा तेरावा झाला. लोक जेवून गेले, वहिनीने ब्रह्माघाटावरच्या घरातल्या सतरंज्या झाडून उचलल्या, आणि आज मी तुझ्या त्या अभ्यासकेंद्रावर जाऊन आले. तुझी मूळ प्रमाणपत्रं परत आणायची होती. तिथे काय कळलं ते सांगणारच आहे, पण एकदम नाही. आधी आपलं भांडण पुरं करायचंय. तू ते अर्ध्यावर टाकून गेलास, आणि अर्धं भांडण मला पचत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

लोक तुझ्याबद्दल काय काय बोलतायत ते ऐकलंस तर हसशील. 'वेदमूर्ती' काय, 'तपस्वी' काय. पाठशाळेच्या विश्वस्तांनी शोकसभेत दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं, त्यातही एकाचा मोबाइल वाजला. पन्नाशी ओलांडल्यावर तुला एमबीएला बसवणारे हेच. रामघाटावरची ती पाठशाळा तू पंधरा वर्षं चालवलीस. शिकवायचं तू, कोठीत धान्य भरायचं तू, नळ गळला की माणूस शोधून आणायचा तू. मग विश्वस्त बदलले आणि म्हणाले, व्यवस्थापक मॅनेजमेंटची पदवी असलेला पाहिजे. तुझी आचार्य पदवी त्यांच्या लेखी शून्य. पदवी आणा, नाहीतर बाहेरचा माणूस नेमू. तू उपरण्याने घाम पुसत माझ्या रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरवर आलास आणि म्हणालास, "शुभे, तू कॉलेजात वाणिज्य शिकवतेस. मला हे एमबीए काय असतं ते जरा समजव."

फॉर्म मीच भरला. दूरशिक्षण, हिंदी माध्यम, रविवारी केंद्रावर तास, बाकी घरी बसून अभ्यास. पुस्तकांचं पार्सल आलं त्या दिवशी तू त्यावर हळदकुंकू वाहिलंस. मी हसले. तू रागावला नाहीस, म्हणालास, "विद्या आहे ना? मग?"

पण विद्या तुझ्यात शिरेना. आठ दिवस पहिलंच प्रकरण घेऊन बसलास आणि मग मला फोन केलास, "डोळ्याने वाचलेलं माझ्या आत जातच नाही गं. परेशान झालोय. तू येऊन म्हण, मी मागून म्हणतो." म्हणजे संथा. गुरूने एक ओळ म्हणायची, शिष्याने ती तशीच म्हणायची, परत म्हणायची, आणि कानामात्रेचा फरक पडला तर पुन्हा पहिल्यापासून. तू आठव्या वर्षापासून तसाच शिकलास. आपल्या घरात पोथी उघडून मंत्र म्हणणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते मी सांगायला नको. तुझ्या तोंडून मी ऐकलंय, "पोथी बघून म्हणतो तो कसला वैदिक!" मी म्हटलं, दादा, ही मॅनेजमेंट आहे, समजून घेऊन आपल्या शब्दांत लिहायची असते. तू विचारलंस, "आपल्या शब्दांत कशाला? ज्याने लिहिलं त्याने विचार करून लिहिलं असेल ना? मी कोण बदलणार?"

आणि मी वैतागून म्हणाले, "बरं बाबा, कर तुझ्या पद्धतीने."

हे वाक्य माझं आहे. नंतर तू कधी त्याची आठवण करून दिली नाहीस.

तर दर रविवारी सकाळी मी मैदागिनच्या चौकात ई-रिक्षातून उतरायची आणि गल्ल्या तुडवत तुमच्याकडे यायची. तू आंघोळ-संध्या उरकून पाटावर ताठ बसलेला. मी वाचायची, "नियोजन प्रबंध का प्राथमिक कार्य है।" तू डोळे मिटून म्हणायचास, "नियोजन प्रबंध का प्राथमिक कार्य है।" दोनदा. मी पुढे. वीस वर्षं मुलांना शिकवतेय, पण असा विद्यार्थी मला कधी मिळाला नाही आणि मिळणारही नाही. सलग चार पानं एकदा ऐकून तू पुढच्या रविवारी धडधडा म्हणायचास. एकदा तर लहर आली आणि प्रबंधाच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या, कार्यांचा तू वेदातल्यासारखा उलटसुलट घनपाठ सुरू केलास, "नियोजन संगठन, संगठन नियोजन, नियोजन संगठन निर्देशन, निर्देशन संगठन नियोजन, नियोजन संगठन निर्देशन..." वहिनी पीठ माखल्या हातांनी बाहेर आली, "अहो, हे कुठल्या देवाचं चाललंय?" गौरी तुझी मुलगी असून तुझ्याच पाठीमागे लोळून हसत होती. तूही हसलास, आणि हसता हसता क्रम मात्र सोडला नाहीस.

ते रविवार माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, दादा. तुला सांगितलं नाही कधी. लग्नानंतर मी त्या घरात पाहुणी होते, तुझ्यामुळे परत घरातली झाले.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगते. तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं, "जैसा कि चित्र ३.२ में दर्शाया गया है।" मी ते वाचलं, तू ते म्हणालास. डोळे मिटून, गंभीर चेहऱ्याने, दोनदा. चित्र होतं पुस्तकात, माझ्या मांडीवर. तू ते पाहिलंसुद्धा नव्हतंस. मला इतकं हसू आलं की पाण्याच्या निमित्ताने मी उठून आत गेले. तेव्हाच सांगायला हवं होतं की हे वाक्य उत्तरात लिहायचं नसतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मात्र सांगितलं, तुझी नक्कल करून, हातवारे करून. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. पुढे दर रविवारी तू उजळणी करताना ते वाक्य यायची मी वाट बघायची. ते आलं की मला गंमत वाटायची. एवढंच कारण होतं. याहून मोठं काही कारण असतं तर मी आज जरा बऱ्या तोंडाने तुझ्याशी बोलले असते.

शिवाय सत्रकार्याच्या वह्यांवर तुला भरघोस गुण मिळाले. त्या घरी बसूनच लिहायच्या होत्या, तिथे पुस्तकातलं जसंच्या तसं चालून गेलं. कुणीतरी लाल शाईने 'अति उत्तम' लिहिलं होतं. तू ती वही आईच्या फोटोपुढे ठेवलीस. मलाही वाटलं, चला, जमलं.

परीक्षेला तू धोतर-उपरण्यात गेलास. बरोबरची पोरं जीन्समधली, तुला 'गुरुजी, आप आगे बैठिए' म्हणणारी. तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा इतका उजळला होता की मी विचारलंच नाही पेपर कसा गेला. तूच म्हणालास, "शुभे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही." ओठ हलतात म्हणून पर्यवेक्षकाने दोनदा टोकलं, तेवढंच.

आणि दीड महिन्याने ते पत्र आलं. 'अनुचित साधन.' उत्तरं अध्ययन सामग्रीशी शब्दशः जुळतात, उत्तरात अशा चित्राचा उल्लेख आहे जे उत्तरपुस्तिकेत काढलेलंच नाही, सबब परीक्षा कक्षात पुस्तक किंवा चिठ्ठी नेल्याचा संशय आहे, समितीपुढे हजर व्हा. पत्र तू मला वाचायला दिलंस. मी चित्राच्या ओळीवर थांबले. तू माझ्याकडे बघत होतास. विचारलंस, "हे चित्र काय आहे गं?"

मी म्हणाले, "काही नाही रे, टेक्निकल असतं काहीतरी."

तू मान डोलावलीस. माझ्यावर तुझा विश्वास होता.

पाठशाळेत बातमी पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. ज्या माणसाने जन्मात पोथीत बघून एक ऋचा म्हटली नाही, त्याच्याबद्दल घाटावर बोललं जाऊ लागलं की गुरुजी परीक्षेत चिठ्ठ्या घेऊन गेले. तू जेवेनास. वहिनी मला फोनवर सांगायची, "दोन घास खातात नि उठतात. समजव जरा तुझ्या भावाला, मला तर बिलकुल काही बोलत नाहीत." मी समजवायला आले, आणि ते आपलं भांडण.

तुझं म्हणणं साधं होतं. "मी जातो. समितीला सांगतो, कुठलंही पान काढा, कुठलीही ओळ म्हणा, मी पुढचं म्हणून दाखवतो. सगळी पुस्तकं म्हणतो. दिवसभर बसवा." मी म्हणाले, दादा, ते हसतील तुला. अशा समित्या मी पाहिल्यात. त्यांना एका दुपारी चाळीस प्रकरणं उरकायची असतात, तुझं पारायण ऐकायला कुणी बसत नाही. नाही नाही म्हणत राहिलास तर दोन वर्षं परीक्षेला बसू देणार नाहीत, पाठशाळा हातची जाईल. माफीनामा दिलास तर एक पर्चा रद्द होतो, पुन्हा देता येतो, विषय संपतो. आणि पर्समधून कागद काढून तिथल्या तिथे मी मसुदा लिहिला. मला असे मसुदे पाठ आहेत, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मुलाला लिहून देते. 'मैं स्वीकार करता हूँ कि परीक्षा कक्ष में मैं अपने साथ लिखित सामग्री ले गया था. पत्नी की लंबी बीमारी के कारण तैयारी नहीं कर सका...' बायकोचं आजारपण लिहिलं की समिती विरघळते, म्हणून ते.

तू कागद हातात घेतलास. एकदा वाचलास, डोळ्यांनी. मग आत बघितलंस आणि म्हणालास, "ती तिकडे धडधाकट पोळ्या लाटतेय आणि मी तिला बीमार लिहू?"

"लिहावं लागतं रे. सगळे लिहितात. कुणी तपासत नाही."

"आणि चिठ्ठी नेली म्हणून? शुभे, तुझं काय मत आहे? मी नेली?"

"माझ्या मताचा प्रश्न कुठे आहे!"

"माझ्यासाठी तोच आहे."

इथे मी म्हणायला हवं होतं की दादा, तू नेली नाहीस, ते चित्राचं वाक्य मी तुझ्या तोंडी घातलं, चूक माझी आहे, चल, मी येते तुझ्याबरोबर आणि समितीला सांगते. एवढं जिभेवर आलं होतं. पण चूक कबूल करायची वेळ आली की मला राग येतो, हा माझा जुना रोग. मी तुझ्या हातातला कागद ओढून घेतला, फाडून चार तुकडे केले आणि म्हणाले, "मग बस घोकत!" आणि चपला घालून निघाले. गल्लीच्या वळणावर तू मागून हाक मारलीस. मी ऐकली होती, दादा. तुला वाटलं असेल ऐकली नाही.

त्यानंतर अकरा दिवस आपण बोललो नाही. बाबा मला विद्यापीठात घालायला तयार नव्हते तेव्हा त्यांच्याशी भांडलास तो तूच. माझ्या बी.कॉम.च्या प्रत्येक पर्च्याला तीन तास बाहेरच्या पिंपळाखाली बसलास, का तर मला बाहेर आल्यावर एकटं वाटू नये. आणि तू समितीपुढे गेलास त्या दिवशी मी घरी बारावीच्या मुलांचे प्री-बोर्डचे पेपर तपासत होते. वहिनीने कळवलं, "गेले होते. आले. बोललो म्हणाले, झालं म्हणाले. आज किती दिवसांनी पोटभर जेवलेत." मला वाटलं, म्हणजे ठणकावून आला. जरा अभिमान वाटला, जरा चीडही आली. ठरवलं, रविवारी जाईन. तू शुक्रवारीच गेलास. जेवून हात धुवायला उठलास आणि मोरीपर्यंतही पोचला नाहीस.

गौरीने आल्या-गेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं. "बाबांनी माफी नहीं माँगी. सगळ्यांनी सांगितलं तरी नहीं माँगी." हे सांगताना तिचं रडणं थांबायचं. वहिनीही मान हलवायची. त्या दोघींना धरून ठेवणारं तेवढंच होतं त्या घरात.

तर आज केंद्रावर गेले. खिडकीमागच्या बाबूने तुझी फाइल काढली. मी विचारलं, समितीचं काय झालं? त्याने पान उलटून माझ्यापुढे धरलं. माफीनामा. तुझं अक्षर, तुझी सही.

मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा लागलाय. मग वाचला. 'मैं स्वीकार करता हूँ कि परीक्षा कक्ष में मैं अपने साथ लिखित सामग्री ले गया था.' पुढे वहिनीचं आजारपण. पुढे सगळं. शब्द न् शब्द माझा होता. घाईत मी क्षमेचं एक वाक्य दोनदा लिहून गेले होते, ते तू दोनदा लिहिलंस. डोळ्याने वाचलेलं आत जात नाही म्हणायचास, पण जो कागद तू एकदाच पाहिलास आणि जो मी तुझ्यासमोर फाडला, तो पूर्णविरामासकट तिथे होता.

बाबू म्हणाला, "पंडितजी याद हैं हमको. पहले कुछ सुनाने लगे थे, साहब बोले, इतना समय नहीं है, माफीनामा लाए हैं? तो हमसे कागज माँगे, वहीं कुर्सी पर बैठके पूरा पन्ना लिख दिए. हम बोले, फॉर्मेट दें? बोले, नहीं, बहन ने पढ़ा दिया है."

"सबके सामने लिखा? बिना देखे?"

"हाँ, सामने ही. तीनों साहब चाय पी रहे थे."

तीन माणसं, दादा. तीन शिकलेली माणसं समोर बसलेली, आणि चिठ्ठी नेल्याचा आरोप असलेला माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत पानभर मजकूर न बघता, न अडखळता, एकही खाडाखोड न करता लिहून देतो, आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. माझं डोकं फिरलं. मी त्या बाबूला सांगत सुटले, हे माझे शब्द आहेत, मी हे फाडलं होतं, त्यांनी ते आठवून लिहिलं, परीक्षेतही त्यांनी असंच लिहिलं असेल, हाच पुरावा आहे, दाखवा तुमच्या साहेबांना. तो बिचारा शांतपणे ऐकत होता. मग त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "मैडम, इसमें तो साफ लिखा है कि सामग्री ले गए थे."

मी म्हटलं, मला हे मागे घ्यायचंय.

"वापस तो वही ले सकते हैं."

त्याने मृत्यूचा दाखला जोडला, खाली समितीचा शेरा होता तो मला वाचू दिला. क्षमायाचना मान्य, पर्चा रद्द, पुढच्या सत्रात पुन्हा बसण्याची परवानगी. म्हणजे अगदी मी म्हणाले होते तसं झालं. मागे रांग होती. एका मुलाने विचारलं, "आंटी, हो गया?" मी बाजूला झाले.

तू असं का केलंस हे मला विचारता येत नाही. पाठशाळेसाठी केलंस का माझ्यासाठी? तिथे तुझं म्हणणं कुणी ऐकेना तेव्हा, शुभा म्हणते ते खरंच असेल, असं तुला वाटलं का? मला वाईट वाटू नये म्हणून बहिणीने शिकवलेलं तू जसंच्या तसं म्हणून दाखवलंस, असं माझं मन म्हणतं, आणि मग मला बसवत नाही. वहिनीला तू आजारी लिहिलंस. त्या दिवशी घरी येऊन तिच्या हातचं पोटभर जेवलास. कसा जेवलास रे?

संध्याकाळी प्रमाणपत्रं द्यायला घरी गेले. वहिनी तांदूळ निवडत होती. गौरीने दारातच विचारलं, "आत्या, क्या बोले वो लोग? बाबांच्या केसचं काय झालं?"

"केस बंद झाली," मी म्हटलं. ते खरं होतं.

"मतलब बाबांनी माफी नाही मागितली तरी बंद केली? म्हणजे ते मान गए ना, की बाबांनी काही केलं नव्हतं?"

वहिनीने ताटातला हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हटलं. दोघी रडल्या, गौरीने मला मिठी मारली, वहिनीने देवापुढे साखर ठेवली आणि मलाही खायला दिली. मी ती खाल्ली, दादा.